फुकटची कोथिंबीर

मराठी स्वयंपाकघरात कोथिंबिरीइतकं राबणारं आणि तिच्याइतकं बिनपगारी दुसरं कोणी नसेल. पोह्यांवर ती, उपम्यावर ती, आमटीत, रश्श्यात, भेळेत, मिसळीवर ती. पण एकाही कृतीत तिचं माप नसतं. मीठसुद्धा 'चवीपुरतं' असतं, म्हणजे त्याच्याकडे निदान चवीची जबाबदारी असते. कोथिंबीर आपली 'वरून भुरभुरायला'. बाजारातही तिची हीच गत. अर्धा किलो भेंडी, पाव किलो फरसबी घेऊन झाली, पैसे दिले, की पिशवीचं तोंड उघडं धरून "मावशी, मिरची-कोथिंबीर टाका ना थोडी" हे म्हणायचंच. न म्हणणारं गिऱ्हाईक एक तर नवखं, नाही तर मोठ्या पगाराचं. ही सवय इतकी मुरलेली, की मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका गृहस्थाने आपल्या आईची गोष्ट समाजमाध्यमावर लिहिली. ब्लिंकिट या घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात हे पाहून आईला धक्काच बसला होता. झालं, त्या कंपनीने भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. एका आईने ॲपला वळण लावलं म्हणायचं.

फुकटेपणाबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही मागते. म्हणणं आहे ते चिमटीबद्दल. एरवी ठीक आहे, पण होळी झाली की चिमटी सोडून मूठ घ्यावी आणि मसाल्याचा डबा जरा मागे सारावा, असं माझं मत झालं आहे. कोथिंबीर, पुदिना, शेपू, कोवळी मेथी, ओव्याची पानं, लसणाची पात यांना फाल्गुन-चैत्रात सजावट म्हणून वागवणं म्हणजे हाताशी आलेलं जेवण वाया घालवणं.

मुंबईला वसंत नसतो असं म्हणायची पद्धत आहे, आणि ते फारसं खोटंही नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास गुलाबी टॅबेबुया फुलतो, लोक गाड्या हळू करून फोटो काढतात, तेवढाच आमचा वसंतोत्सव. बाकी मार्च म्हणजे ऊन. जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा आत यायला दुपार उलटते, आणि तोवर शहर भाजून निघतं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. पंखे कमी आणि चुली जास्त असलेल्या त्या दिवसांत बायकांनी स्वयंपाक कसा केला असेल कोण जाणे. आमच्या चेंबूरच्या घरात स्वयंपाकघर पूर्वेला आहे, सकाळी अकरापर्यंत ऊन ओट्यावर असतं. तिथे उभं राहून कांदा-खोबरं लालबुंद होईपर्यंत परतणं ही शिक्षा आहे, आणि ते खाणाऱ्यालाही नको असतं. थंडीत ज्या रश्श्यावर उड्या पडतात तोच रस्सा मार्चमध्ये ताटात तसाच राहतो.

चरकसंहितेतली ऋतुचर्या याचं कारण तिच्या परीने देते. थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने सुटतो आणि अग्नी मंदावतो, म्हणून जड, आंबट, स्निग्ध आणि गोड खाऊ नये, दिवसा झोपू नये. शास्त्र म्हणून हे किती मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण पाडव्याचा आपला बेत त्याच्या शेजारी ठेवून पाहा. सकाळी कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, जिरं आणि भिजवलेली हरभरा डाळ वाटून केलेली छोटीशी गोळी. म्हणजे नव्या वर्षाचा पहिला घास हिरवा, कडू आणि हलका, अगदी चरकाला हवा तसा. आणि बारा वाजता श्रीखंड-पुरी, म्हणजे जड, आंबट, स्निग्ध, गोड सगळं एकाच पानात. वर पंख्याखाली झोप. पाचही पथ्यं एका दुपारीत मोडायची आणि तीही सणाच्या नावाने! श्रीखंड मी सोडणार नाही, हे आधीच सांगते. पण सकाळच्या गोळीचा जो रोख आहे तो दुसऱ्या दिवसापासून धरता येतो.

त्यासाठी आधी बाजारात जावं लागतं, आणि सकाळीच. पालेभाजी वाशीच्या घाऊक बाजारातून पहाटे निघालेली असते. दहानंतर ती मान टाकते, मग तिच्यावर पाणी मारत बसतात, आणि ओली जुडी घरी नेली की संध्याकाळपर्यंत आतून कुजायला लागते. कोरडी जुडी मिळाली तर ती न धुता जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुऊन ठेवणारे लोक का धुऊन ठेवतात हे मला कधी कळलेलं नाही.

या दिवसांत माझी नजर दोन गोष्टींवर असते. पहिली समुद्र मेथी. मुंबईबाहेरच्या बऱ्याच मराठी माणसांना ती माहीतच नसते. लातूरहून आलेल्या माझ्या जावेने पहिल्यांदा पाहिली तेव्हा "ही काय, मोड आलेली मेथी?" असं विचारलं, आणि ते काही फार चूक नव्हतं. किनाऱ्यालगतच्या वाळूत मेथ्या दाट पेरतात आणि रोप पुरतं उभं राहायच्या आत उपटतात. बोटाएवढ्या जुड्या असतात. खाली पांढरीशुभ्र मुळं, वर दोन-चार गोल पानं, कुठे कुठे पानालाच चिकटून राहिलेलं मेथीचं साल. आणि वाळू, भरपूर. मुळं कापून टाकायची, पानं मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवायची, हाताने हलवायची आणि वरच्या वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतलं की तळाशी बसलेली वाळू पुन्हा पानांवर येते, हा साधा हिशेब आहे. तळाला बोट फिरवून कचकच लागेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. पुढचं काम चुटकीसरशी होतं. तेलात ठेचलेला लसूण आणि एखादी सुकी मिरची, त्यावर मेथी, उलटसुलट करायची आणि पानं मऊ पडली रे पडली की गॅस बंद. मोठ्या मेथीचा कडूपणा हिच्यात कोवळा असतो. कांदा नको, खोबरं नको, झाकण तर नकोच.

दुसरी गोष्ट म्हणजे फुलावर आलेली कोथिंबीर. उष्णता वाढली की कोथिंबीर पानं वाढवायचं सोडून फुलोऱ्याची घाई करते. रुंद पानं जाऊन बारीक चिरल्यासारखी पानं येतात, देठ राठ होतो, टोकाला पांढरी-जांभळट फुलं दिसतात. गिऱ्हाइकं अशी जुडी बाजूला सारतात. मी ती मागितली की मावशी म्हणतात, "ताई, म्हातारी झालीय ती." असू दे. त्या फुलांमागे हिरवे धणे धरलेले असतात आणि ते विकत म्हणून कुठे मिळत नाहीत. ओला धणा दाताखाली फुटला की आधी कोथिंबिरीचा वास येतो, मग लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, आणि शेवटी वाळलेल्या धण्याची नुसती चाहूल. हिरवी मिरची, मीठ आणि लसणाच्या पातीबरोबर खलबत्त्यात भरड ठेचायचे आणि घट्ट दह्यात कालवायचे. मिक्सरला लावू नका, त्यात धणा लपतो. भाकरी आणि हे दही, उन्हाच्या दुपारी एवढं पुरतं.

आता हिरवं पान चुलीवर कधी आणि किती वेळ, त्याबद्दल. हलकं जेवण म्हणजे तेल मोजणं आणि पोळ्या कमी करणं अशी एक समजूत झाली आहे. मला वाटतं, जेवण जड होतं ते बऱ्याच अंशी चुलीवर जास्त वेळ राहिल्याने, आणि पानाला हा हिशेब सगळ्यात जास्त लागू पडतो. कोथिंबिरीचा वास तिच्यातल्या अल्डिहाइड नावाच्या पदार्थांमुळे येतो आणि ते आचेवर उडून जातात. उकळत्या आमटीत घातलेली कोथिंबीर दिसते, पण तिचा वास घरभर पसरून संपलेला असतो. म्हणून ती गॅस बंद केल्यावर. तिचे देठ मात्र टाकण्यासारखे मुळीच नाहीत, ते बारीक चिरून आधी घालावेत, त्यांना थोडी आच मानवते. कढीपत्त्याचं उलटं. त्याचा स्वाद तेलात उतरतो, त्याला गरम फोडणी हवी आणि तो सगळ्यांच्या आधी हवा. शेपू या दोघांच्या मध्ये कुठेतरी. पुदिना मात्र शिजवूच नये, असं माझं ठाम मत आहे. बिर्याणीवाले ऐकणार नाहीत.

हिरवा रंगही आचेनेच जातो. पान शिजताना त्यातली आम्लं सुटतात, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पान शेवाळी, मातकट दिसायला लागतं. झाकण ठेवलं की वाफेबरोबर बाहेर जाऊ पाहणारी आम्लं आतच अडकतात, म्हणून पालेभाजी उघडी शिजवायची. आपल्या आज्या हे रसायन न शिकता सांगायच्या. चटणी काळी पडते त्याचं कारण वेगळं. पान चिरडलं की आतली विकरं हवेशी गाठ घालतात. त्यांना रोखायला लिंबू आणि गार पाणी, किंवा सरळ बर्फाचा खडा, आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवणं, म्हणजे भांडं तापत नाही. पुदिना एक वाटा आणि कोथिंबीर तीन वाटे. पुदिना वाढला की चटणी औषधी लागते. कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्याची चटणी घरच्यापेक्षा बरी का लागते, यावर आमच्या घरात खूप चर्चा झाली आहे. निष्कर्ष असा निघाला, की तो लोण्याचा थर जिथे जाड असतो तिथेच चटणी लावतो. म्हणजे ते हलकं जेवण नव्हे.

कोथिंबीर वडीही नव्हे, हे या निमित्ताने बोलून टाकू. उकडलेल्या वड्या उंड्यातून कापल्या कापल्या, तेलात न सोडता, वर लिंबू पिळून खाल्ल्या तर त्या या ऋतूत बसतात. पण तशा त्या खायला बसलं की कढई कोणीतरी ठेवतंच.

शेपूवरून आमच्या घरात दोन तट आहेत. सासूबाई आणि मी एकीकडे, नवरा आणि मुलगा दुसरीकडे. "वास येतो" हा त्यांचा आक्षेप. अहो, वासासाठीच तर आणायची! माझा अंदाज असा, की शेपू न आवडणाऱ्या बहुतेकांनी ती फक्त झाकण ठेवून, डाळीबरोबर पार गळेपर्यंत शिजवलेली खाल्ली आहे. मुगाची डाळ भिजवून घ्यावी, लसणाच्या फोडणीवर अंगाबरोबर पाणी घालून बोटचेपी करावी, शेपूचे कोवळे देठ तेव्हा आणि पानं अगदी शेवटी घालावीत. डाळ मोकळी दिसली पाहिजे, पानं हिरवी. नवरा अजून खात नाही, पण उठून खिडकी उघडायचा ते थांबलं आहे.

चेंबूर कॅम्पात राहणाऱ्या सिंधी काकूंकडे मात्र शेपूला मानाचं पान आहे. त्यांच्या साई भाजीत हरभरा डाळ, भरपूर पालक, आंबटपणाला चुका आणि वासाला शेपू असते. सगळं एकत्र शिजवून घोटतात आणि वर लसणाची फोडणी देतात. बरोबर कांदा तपकिरी करून केलेला भात. इथे पान गळेपर्यंत शिजतं, म्हणजे माझा वरचा सगळा सिद्धांत मोडीत निघतो, आणि तरी ते जेवण पोटाला हलकंच लागतं. मी काकूंना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तू पहिले खा, फिर सोच." बरोबर आहे त्यांचं. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांनी या शहराला जे दिलं त्यात साई भाजीचा उल्लेख कोणी करत नाही, पापडाचा करतात.

चुलीशी सगळ्यात कमी संबंध येतो तो तंबळीत, म्हणजे ताकात कालवलेल्या पानांच्या वाटणात. ही मला ताडदेवच्या तळमकीवाडीत वाढलेल्या चित्रापूर सारस्वत मैत्रिणीने शिकवली. तिच्याकडे ती ब्राह्मीचीही करतात. माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ओवा आहे (जाड, लवदार पानांचा, ज्याच्या बियांचा ओवा मिळतो ती वनस्पती वेगळी), म्हणून मी ओव्याची करते. पाच-सहा पानं आणि थोडं जिरं तुपावर टाकायचं. पानं तव्याला टेकताच फुगल्यासारखी होतात, मग कडा मऊ पडून आत वळतात आणि वास खोलीत येतो. तेवढंच. ती निवली की ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून अगदी गंधासारखं वाटायचं, ताकात कालवायचं, मीठ घालायचं आणि मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी द्यायची. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. मऊ भातावर गार तंबळी ओतली की बाहेरच्या उन्हाला उत्तर मिळतं. सासूबाईंचं मत मात्र "हे आजाऱ्याचं जेवण" असं आहे, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना त्या ते आवर्जून सांगतात. "अहो आई, मग भात देऊ का अजून?" म्हटलं की "दे, पण लोणचं काढ."

मार्चमधलं आणखी एक हिरवं जेवण या शहराच्या शेजारपाजाऱ्यांकडून घेण्यासारखं आहे. २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, इराणी नवरोज येतो. आपल्याकडचे पारशी त्याला जमशेदी नवरोज म्हणतात, त्यांचं स्वतःचं नवं वर्ष ऑगस्टमध्ये असतं ते निराळं. इराणमध्ये या दिवशी सब्जी पोलो आणि मासे करायची रीत आहे. शेपू, कोथिंबीर, पार्स्ली आणि कांद्याच्या जातीची हिरवी पात, सगळं मुठी-मुठीने बारीक चिरून अर्धवट शिजवलेल्या भाताच्या थरांत घालतात आणि मंद आचेवर दमावर ठेवतात. मसाला जवळपास नाहीच. तळाशी भाताचा खरपूस थर धरतो, त्यावरून भांडणं होतात. पार्स्लीसाठी मी क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जात नाही, कोथिंबीर दुप्पट घेते आणि लसणाची पात घालते. तांदूळ लांब दाण्याचा हवा, आंबेमोहराचा यात लगदा होतो. बरोबर रावसाच्या तुकड्या, नुसत्या हळद-मीठ-लिंबाच्या. गंमत अशी, की शेपूच्या नावाने नाक मुरडणारा माझा मुलगा या भाताचं पातेलं खरवडतो. त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की किती सोपं आहे, दोन मिनिटं परता, तेवढंच वाटा. खाणाऱ्याला हलकं लागणारं हे जेवण हाताला मात्र जड असतं. चुलीवरचा वेळ वाचतो तो निवडण्यात जातो. मेथी निवडायची, शेपूचे राठ देठ काढायचे, पुदिन्याची पानं एकेक खुडायची, पाणी बदलत राहायचं. संध्याकाळच्या लोकलला बायकांच्या डब्यात हे काम उघड दिसतं. बसायला जागा मिळाली की पिशवीतून जुडी निघते, मांडीवर वर्तमानपत्र किंवा ओढणी पसरली जाते आणि कुर्ला येईपर्यंत मेथी निवडून झालेली असते. शेजारची अनोळखी बाईसुद्धा बोलता बोलता चार काड्या उचलून निवडायला लागते. दिवसभर कार्यालयात बसून आलेल्या बाईची पालेभाजी अशी प्रवासात तयार होते, आणि घरच्या ताटात तिचं कौतुक 'आज साधंच केलंयस का?' असं होतं. पुरुषांच्या डब्यात कोणी मेथी निवडताना मी ऐकलेलं नाही. पत्ते ऐकले आहेत.

आमच्याकडे मी नियम केला आहे, की निवडेल त्याने मेनू ठरवायचा. पहिल्या आठवड्यात मुलाने बटाटे ठरवले. नवरा मात्र हळूहळू पुदिना खुडायला बसू लागला आणि आता त्याला त्यात गती आहे. देठाचं टोक धरून उलट्या दिशेने बोटं ओढली की पानं सर्रकन हातात येतात, हे त्यानेच शोधून काढलं. उरलेले देठ तो ग्रिलमधल्या कुंडीत खोचतो आणि पुदिना कुरकुर न करता जगतो. खालच्या मजल्यावरच्यांची कुंड्यांच्या पाण्याबद्दल कुरकुर असते, ती आम्ही अधूनमधून चटणीची वाटी पाठवून भागवतो.

लोकलच्या रुळांच्या कडेला वर्षानुवर्षं दिसलेले पालकाचे, माठाचे हिरवेगार वाफे हाही एक विषय आहे. रेल्वेने 'ग्रो मोअर फूड' योजनेखाली भाड्याने दिलेल्या जमिनीवर ते पिकायचं, आणि त्याला पाणी कुठलं घालतात हा प्रश्न सतत विचारला जायचा. बाजारातली कुठली जुडी कुठून आली हे आपल्याला सांगता येत नाही. म्हणून कच्चं पान खायचं असेल तेव्हा माझा भर घरच्या कुंडीवर, आणि विकतच्या पानाला निदान एक चटका. सॅलडच्या वाडग्यात कच्चा पालक भरून ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण भूक नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ होते तेव्हा या हिरव्या जेवणाची अखेर जवळ आलेली असते. डाळ भरड वाटलेली, कैरी किसलेली, फोडणीत कढीपत्ता आणि वर कोथिंबीर, तीही भरपूर, कारण डाळीच्या कोरडेपणाला ती हवी असते. पन्ह्यात काही लोक हल्ली पुदिना घालतात. घालोत. वेलदोड्याचं काय बिघडलं होतं ते मला विचारायचं आहे. त्यानंतर ऊन कडक होत जातं, जुडी बारीक आणि महाग होते, मावशी फुकटच्या कोथिंबिरीच्या काड्या मोजून टाकायला लागतात. पण तोवर देवगडच्या पेट्या आलेल्या असतात आणि आमच्या घरात महिनाभर कोणी पानाकडे ढुंकूनही पाहत नाही.